काळी अक्षरे आणि चार शाया

दिवाळी अंकाच्या एखाद्या रंगीत पृष्ठावरील मजकूर डोळ्यांना खुपतो. अक्षरे काळीच असतात. परंतु त्यांच्या कडांना एका बाजूने तांबूस, दुसऱ्या बाजूने निळसर झालर लागलेली दिसते. वाचक आपल्या चष्म्याला दोष देतो आणि संपादक छापखान्याला. वास्तविक हा दोष पुष्कळदा कागद यंत्रावर चढण्यापूर्वीच, मजकूर सिद्ध होत असताना घडलेला असतो.

चौरंगी छपाईत सायन म्हणजे निळी, मॅजेंटा म्हणजे किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया चार निरनिराळ्या प्लेटांवरून कागदावर एकामागून एक उतरतात. याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने १७१९ साली इंग्लंडमध्ये तीन रंगांच्या छपाईचे पेटंट मिळविले. तत्त्वतः तीन रंगांच्या मिश्रणातून काळा निर्माण व्हावा. प्रत्यक्षात शायांचा मळकट तपकिरी रंग होतो. म्हणून काळ्या शाईला स्वतंत्र स्थान मिळाले.

संगणकाच्या पडद्यावरचा काळा रंग म्हणजे केवळ प्रकाशाचा अभाव. त्याचे शायांत रूपांतर करताना संगणक चारही शाया वापरतो. एका प्रचलित रूपांतरात हे प्रमाण ७५, ६८, ६७ आणि ९० टक्के, म्हणजे एकूण ३०० टक्के भरते. आता कागद ओलाव्याने किंचित ताणला जातो, यंत्रातही तो थोडा सरकतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची ही चूक चित्रात खपून जाते. बारीक अक्षरात मात्र ती उघडी पडते. देवनागरीत तर एका बिंदूवर अर्थ अवलंबून असतो. अनुस्वार पुसट झाला, की ‘रंग’ची ‘रग’ होते! औषधाच्या वेष्टनावरील ०.५ मधला बिंदू हरवला, तर मात्रा दसपट वाचली जाण्याचा धोका असतो.

यावर उपाय सोपा आहे. बारीक मजकुरासाठी काळी शाई १०० टक्के आणि इतर तिन्ही शून्य ठेवाव्यात. अक्षरे रंगीत पार्श्वभूमीवर असतील, तर ती त्या रंगावरच छापावीत, म्हणजे ओव्हरप्रिंट करावीत. खालचा रंग कोरून काढल्यास जुळणी चुकताच पांढरी रेघ डोकावते. मजकूर चित्रात मिसळून न टाकता अक्षररूपातच ठेवावा, म्हणजे त्याच्या कडा रेखीव उतरतात.

मोठ्या काळ्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. तेथे एकटी काळी शाई करडी भासते. म्हणून तिच्या जोडीला निळी ६०, किरमिजी ४० आणि पिवळी ४० टक्के देतात. ही बेरीज २४० होते. गुळगुळीत कागदावर ती साधारण ३०० च्या पुढे जाऊ देऊ नये. वर्तमानपत्री कागदावर मर्यादा याहून कमी असते. शाई अधिक झाली, की ती वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. अशा पट्ट्यावरील पांढरी अक्षरे ठळक घ्यावीत. नाहीतर शाई त्यांची पोकळी भरून टाकते. चारही शाया १०० टक्के असलेला ‘रजिस्ट्रेशन’ रंग केवळ जुळणीच्या आणि कापणीच्या खुणांसाठी असतो, मजकुरासाठी नव्हे.

प्रत छापखान्याकडे धाडण्यापूर्वी पडद्यावर चारही प्लेटा अलग करून पाहाव्यात आणि काळी प्लेट झाकावी. मजकूर संपूर्ण नाहीसा झाला, तर काम चोख आहे. अक्षरांची सावली मागे उरली, तर ती चूक त्याच क्षणी सुधारता येते. हजारो प्रती छापून झाल्यावर ती कोणालाही पुसता येत नाही.