थापटण्याआधी श्वास मोजा

थंडी पडली की नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादसारख्या गावात तान्ह्या बाळांची छाती घरघरू लागते, पोट उडू लागतं आणि कफ मोकळा व्हावा म्हणून पाठ थापटणं सुरू होतं. माया खरी असली तरी उपाय चुकतो. दोन वर्षांखालच्या बाळांत ही घरघर बऱ्याचदा ब्रॉन्किओलायटिसची असते आणि तिच्यामागे बहुतेक वेळा आरएसव्ही हा विषाणू असतो. यात फुप्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्या आतून सुजतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा १६ पट वाढतो, म्हणून मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढी सूज बाळाला धाप लावते. कफ असतोच, पण थापटून सूज उतरत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात १२ चाचण्यांतली १,२४९ बाळं होती. थापटणं, कंप देणं, उताणं-पालथं करून कफ उतरवणं यांनी आजार लवकर बरा झाला नाही. जोर देऊन श्वास बाहेर काढायला लावल्यावर काहींना उलट्या झाल्या.

मग छातीची ही फिजिओथेरपी टाकाऊच का? अजिबात नाही. सिस्टिक फायब्रोसिस (कफ घट्ट होणारा आनुवंशिक आजार) असेल किंवा स्नायू दुबळे असल्यामुळे खोकताच येत नसेल, तर तिचा मोठा आधार होतो. ब्रॉन्किओलायटिसमध्येही उच्छ्वास हळुवार लांबवण्याच्या पद्धतीने थोडा आराम पडू शकतो, असं २०२३ च्या आढाव्यात दिसतं. पुरावा कच्चा आहे आणि ते काम शिकलेल्या हातांचं आहे. ‘मग आईने नुसतं बघत बसायचं?’ हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. त्याचं उत्तर गडचिरोलीत सापडतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. अंक न येणाऱ्यांसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. धर्माबादच्या आईलाही हे जमेल. बाळ शांत असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तोवर नाकात सलाइनचे थेंब टाकावेत, अंगावरचं दूध थोडं थोडं पण वारंवार पाजावं, चुलीच्या धुरापासून बाळ दूर ठेवावं. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मात्र रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून लगेच निघावं. नांदेडला पाठवायची वेळ आलीच, तर वाटेतही ऑक्सिजन चालू राहायला हवा.