एका शाफ्टवर दोन अल्टरनेटर: वीज दुप्पट होते का?

लोडशेडिंगने गांजलेल्या नांदेड-लातूर भागात पिठाच्या गिरणीपासून मंडपवाल्यापर्यंत अनेकांनी डिझेल इंजिनाला अल्टरनेटर जोडून घेतला. त्याच शाफ्टला आणखी एक जोडण्याचा मोह सहज होतो. त्यामागचे चार गैरसमज पाहू.

गैरसमज १ : दोन अल्टरनेटर म्हणजे दुप्पट वीज.
वस्तुस्थिती : ताकद इंजिनाची असते; अल्टरनेटर फक्त तिची वीज करतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. १० एचपीचे इंजिन शाफ्टवर साडेसात किलोवॅटच देणार. अल्टरनेटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर हाती सव्वासहा किलोवॅट. दुसरा जोडला की तेवढ्याच विजेची वाटणी होते, वर जादा बेअरिंग, पंखा आणि पट्ट्याची घट.

गैरसमज २ : लोड कमी असताना एक बंद ठेवला की डिझेल वाचते.
वस्तुस्थिती : फील्ड बंद केले तरी रोटर फिरतच राहतो. तो सोडवायला क्लच लागतो. शिवाय इंजिन तेच मोठे. ते बंद पडले की दोन्ही अल्टरनेटर ठप्प.

गैरसमज ३ : शाफ्ट एक, वेग एक, मग तारा खुशाल एकत्र जोडाव्यात.
वस्तुस्थिती : नुसता वेग जुळून भागत नाही, फेजही जुळावी लागते. ५० हर्ट्झसाठी चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरतो. त्याचे कपलिंग ५ अंशांनी चुकले, तर फेज १० अंशांनी चुकते. बोल्ट कसल्यावर हा कोन पक्का होतो. वेगळी इंजिने असती तर गव्हर्नरने लोड वाटता आला असता. चूक मोठी असेल तर दोन अल्टरनेटरांमध्येच करंट फिरून वाइंडिंग जळते.

गैरसमज ४ : मोठ्या वीज केंद्रांत असेच करतात.
वस्तुस्थिती : परळीच्या जुन्या २१० मेगावॅटच्या संचांत उलटी मांडणी होती: उच्च, मध्यम आणि कमी दाबाची टर्बाइन एकाच शाफ्टवर, जनित्र मात्र एकच. पूर्णा नदीवरच्या येलदरी केंद्रात साडेसात मेगावॅटचे तीन संच बसवले, पण प्रत्येकाला स्वतःचे टर्बाइन. त्यामुळे पाणी बेताचे असेल तेव्हा एकच संच चालवता येतो.

दोन जनित्रे एका शाफ्टवर शोभतात ती कामे वेगळी असतील तेव्हाच. ब्रशलेस अल्टरनेटरच्या शाफ्टवरचा छोटा एक्सायटर हे त्याचेच उदाहरण.

तेव्हा मोटारी सुरू होतानाचा जादा करंट धरून लोड मोजा आणि त्याला पेलेल असे इंजिन व एकच अल्टरनेटर घ्या. बॅकअप हवा असेल तर दुसरे इंजिनही घ्या. आणि चेंजओव्हर स्विच लावाच. नाहीतर तुमची वीज लाइनवर उलटी जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.