हानोच्या मायलेकी

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, फर्स्ट मेसा या पठारावर होपींच्या वस्तीला लागून हानो हे तेवा लोकांचं गाव आहे. 1680 साली रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या प्वेब्लो जमातींनी स्पॅनिशांना हुसकावलं. पुढे स्पॅनिश परतले, तेव्हा काही तेवा कुटुंबं इकडे आसऱ्याला आली. होपींशी सोयरिकी जुळल्या, पण तेवा भाषा घरात टिकली.

नांपेयो इथलीच, 1860च्या आसपास जन्मलेली. वडील होपी, आई तेवा, मक्याच्या कुळातली. कूळ आईकडून चालतं, म्हणून तीही तेवाच. त्या काळी मडक्यांवर शेजारच्या झुनी लोकांच्या नक्षीची छाप होती. नांपेयोने जवळच्या सिक्यात्की या ओसाड गावची शेकडो वर्षांपूर्वीची खापरं निरखली. ते रुंद, बसके घाट, ती पिवळसर झाक, पक्ष्यांचे पंख तिच्या हातात आले. 1895 मध्ये पुरातत्त्वज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केलं, आणि या पुनरुज्जीवनाचं श्रेय अनेकदा त्या उत्खननालाच दिलं गेलं. मला ते मुळीच पटत नाही. उत्खननाच्या आधीपासूनच ती जुन्या नक्षीवर काम करत होती.

चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, गुळगुळीत दगडाने घोटायचं, युक्काच्या पात्याच्या कुंचल्याने रंगवायचं आणि मेंढ्यांच्या वाळल्या लेंड्यांच्या जाळात उघड्यावर भाजायचं.

उतारवयात नांपेयोची दृष्टी गेली. बोटं मात्र घाट विसरली नाहीत. ती घडवायची, ॲनी, नेली, फॅनी या लेकी रंगवायच्या. त्यामुळे तिच्या नावाच्या कित्येक भांड्यांवरची नक्षी नेमकी कोणाची, याचा काथ्याकूट संग्रहालयांत चालतो. मला वाटतं, ही भांडी एका बाईची म्हणून पाहण्यातच चूक आहे; ती घराची आहेत. 1942 मध्ये नांपेयो गेली. फॅनीने आईचं नाव आपल्या सहीत चालवलं, आणि पणती, म्हणजे ॲनीच्या मुलीची मुलगी डेक्स्ट्रा क्वॉट्सकुयवा हिने त्याच मातीत स्वतःची नक्षी शोधली.

मक्याच्या कुळापलीकडेही घराणी उभी राहिली. पाक्वा नाहा भांड्यावर बेडूक काढायची. तिची लेक जॉय नावासी हिने पांढऱ्या लेपाची भांडी नावारूपाला आणली. पाक्वाची सून हेलन नाहा सहीऐवजी पीस काढी. पूर्वी हे बायकांचंच काम. नंतर पुरुषही उतरले. फॅनीचा मुलगा टॉम पोलाक्का मडकी कोरू लागला, तर डेक्स्ट्राचा भाचा लेस नामिंगा तिच्याकडे शिकून अमूर्त चित्रकलेचे रंग भांड्यांवर आणतो आहे.