दुसरी चावी

बँकेत असताना एक वाक्य मी इतक्या ग्राहकांना ऐकवले, की ते आमच्या घरातही सगळ्यांना पाठ झाले. 'सही केलेला कोरा चेक सख्ख्या भावालासुद्धा देऊ नका!' कुणी तसा चेक घेऊन टेबलापाशी आला, की चष्मा नाकावर ओढून मी त्याची हजेरी घेत असे. पस्तीस वर्षे हे व्रत पाळले. आणि निवृत्तीनंतर एका रविवारी, कर्वेनगरातल्या आमच्या गॅलरीत चहाचा दुसरा कप घेत असताना, मी स्वतःच तसला कोरा चेक एका चोराच्या हवाली केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

झाले ते असे. कॉलेजातल्या एका जुन्या मित्राचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. 'अरे, माझा एक सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय. पाठव ना लगेच.' पाहतो तो खरोखरच एसएमएस आलेला. कोड कुणालाही देऊ नका, असे त्याच एसएमएसमध्ये लिहिले होते. पण आयुष्यभर लोकांना 'बारीक अक्षरे वाचा' म्हणून दटावणाऱ्या मी ती वाचली नाहीत. मित्राने मागितले, मी दिले. दोन मिनिटांत माझे व्हॉट्सॲप बंद पडले. नेट गेले असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी पेपर उघडला.

तासाभराने फोन सुरू झाले. 'साहेब, कसली अडचण आहे? दवाखाना वगैरे तर नाही ना?' माझ्या नावाने, माझ्या फोटोसह, आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकेकाला निरोप गेला होता. तातडीची गरज आहे, माझे खाते चालत नाही, भाच्याच्या नंबरवर पैसे पाठवा, उद्या परत करतो. बहुतेकांनी आधी फोन करून खात्री केली. अनुभवी बँकवालेच ते. पण साताऱ्याच्या वहिनींनी फोन केला नाही. माझ्या दिवंगत सहकाऱ्याच्या या पत्नी, कुटुंबनिवृत्तिवेतनावर राहतात. त्यांनी निमूटपणे वीस हजार रुपये पाठवून दिले होते.

माझी भाची संगणकातली. ती धावत आली आणि तिने मला सगळा उलगडा केला. व्हॉट्सॲपला माणूस ओळखू येत नाही, फक्त मोबाइल नंबर ओळखू येतो. कुणीही आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकला, की सहा आकडी कोड तुमच्याकडे येतो. तो ज्याच्या हाती, खाते त्याचे. माझ्या मित्राचे खाते आदल्याच दिवशी असे गेले होते. म्हणजे कोड मागणारा तो नव्हताच. जुने निरोप चोराला आपोआप मिळत नाहीत. पण ग्रुप दिसतात, त्यातले नंबर दिसतात, आणि त्याला तेवढे पुरते.

मी म्हटले, "अगं, मग ही एकाच चावीची तिजोरी झाली की!"

वाचकहो, बँकेतली रोकड ठेवायची तिजोरी एका चावीने कधीच उघडत नाही. एक चावी कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याखेरीज कुलूप हलत नाही. कॅशियरवर अविश्वास म्हणून हा नियम नाही. एखाद्या दिवशी एखादा माणूस बेसावध असणारच, हे गृहीत धरून तो केलेला आहे.

भाची म्हणाली, "मामा, दुसरी चावी २०१७ सालापासून आहे. तुम्ही ती लावलीच नव्हती."

ही चावी म्हणजे 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट' या सदरात ते सापडते. तिथे स्वतः ठरवलेला सहा आकडी पिन टाकायचा. मग एसएमएसचा कोड चोराने पटकावला, तरी पिनवाचून त्याला खाते उघडता येत नाही. सोबत आपला ई-मेल नोंदवावा, म्हणजे पिन विसरला तरी वाट बंद होत नाही. पिन म्हणून जन्मसाल किंवा गाडीचा नंबर घालू नये. आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' अधूनमधून उघडून पाहावे. तिथे आपला नसलेला संगणक दिसला, तर त्याला तत्काळ लॉग आउट करावे. हे सगळे करायला मला भाजी निवडण्याइतकाही वेळ लागला नाही.

खाते गेलेच, तर आपल्या फोनवर पुन्हा नंबर टाकून नवा कोड मागवावा. तो टाकताच चोर बाहेर पडतो. माझ्या चोराने मात्र जाताना स्वतःचा पिन लावून ठेवला होता. त्यामुळे मला सात दिवस दाराबाहेर बसावे लागले. पैसे गेले असतील, तर सायबर हेल्पलाइनच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतल्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता अधिक. आणि ओळखीच्यांना तोंडाने, फोनाने, मिळेल त्या मार्गाने सांगावे. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचे स्वतः जाहीर केले, कुणी फोन वा मेसेज करू नका असे सांगितले आणि पोलिसांत तक्रार दिली. मी मात्र लाजेपोटी तासभर गप्प बसलो होतो. वहिनींचे पैसे त्या तासात गेले.

तुम्ही म्हणाल, माझ्या फोनात लपवण्यासारखे आहे काय? सुप्रभात आणि नातवाचे फोटो! मीही तेच म्हणत असे. पण चोराला तुमची गुपिते नकोच असतात. त्याला तुमचे नाव हवे असते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटला अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप निरोपावरून एक कोटीहून अधिक रुपयांचा फटका बसला. निरोप दुसऱ्याच कुणाचा होता. नाव तेवढे साहेबांचे!

मी राहतो त्या भागाला ज्यांचे नाव आहे, त्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो इथे हिंगण्याला झोपडीत आणला. संस्थेसाठी ते दारोदार फिरले. लोकांनी विश्वास ठेवून पैसे दिले, तो त्या नावावर आणि चोख हिशेबावर. आपण काही अण्णा नव्हे. पण आपल्याही नावावर दहापाच माणसे डोळे मिटून विसंबलेली असतात. बँकेत ग्राहकाच्या सहीचा नमुना आम्ही कपाटात जपून ठेवत असू. आपल्या नावाचा तसा नमुना अशा माणसांच्या मनात असतो, आणि चोर नक्कल करतो ती त्याची.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला गेलो. पाकीट पुढे ठेवले. वहिनींनी ते माझ्याकडेच सरकवले.

"फोन का नाही केलात, वहिनी?" मी विचारले.

"अहो भाऊजी, हे गेले तेव्हा तुम्ही आम्हाला काही विचारत बसला होता का? अडचणीतल्या माणसाची चौकशी कसली करायची!"

यावर काय बोलणार? बऱ्याच आग्रहानंतर पाकीट देवघरात गेले. मग त्यांचाच फोन घेऊन बसलो आणि दुसरी चावी कुठे लावायची ते दाखवले. पुढे कुणीही पैसे मागितले, अगदी मी जरी मागितले, तरी आधी फोन करून आवाज ऐकायचा, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले.

पिन टाकायची वेळ आली, तशा त्या म्हणाल्या, "तुम्हीच घाला की एखादा."

"छे छे! तो मला कळता कामा नये," म्हणून मी उठलो. लॉकरच्या खोलीत आमची चावी फिरवून झाली, की ग्राहकाला एकटे सोडून आम्ही बाहेर जात असू. तसाच खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे वहिनी एकेक आकडा सावकाश दाबत होत्या.