गटाच्या पासवर्डची पेटी

आज पापड-कुरडयांचा विषय नाही, पासवर्डचा आहे. कोरडा वाटेल, पण याच्यापायी आमच्या एका गटाची दिवाळीची ऑर्डर गेली, म्हणून बोलायचं ठरवलं.

झालं असं, की गटाचा ई-मेल सचिवताईंच्या भाच्यानं उघडून दिला होता. पासवर्ड त्याच्या डोक्यात आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. तो कामाला पुण्याला गेला, नंबर बदलला. इकडे ताईंचा फोन बिघडला, नवा घेतला आणि त्यावर ई-मेल उघडेना. शहरातल्या एका दुकानदारानं चाळीस किलो भाजणीची मागणी मेलवर पाठवली होती. खातं उघडलं तेव्हा दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पासवर्ड कुणाकडे आहे हे आम्ही समन्वयक असून कधी विचारलंच नव्हतं.

मग बैठकीत मोजदाद केली. ई-मेल, अन्न परवान्याचं फॉसकॉस पोर्टल, ऑनलाइन विक्रीचं खातं, फेसबुकचं पान, बँकेचं नेटबँकिंग. पाच कुलपं आणि पाचांना किल्ली एकच: गटाचं नाव आणि पुढे १२३! यातल्या एका ठिकाणचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर तो तोच पासवर्ड बाकीच्या ठिकाणी लावून बघतो. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड हवा. पण असे पाच पासवर्ड पाठ कोण करणार?

त्यासाठी पासवर्ड मॅनेजर नावाचं अ‍ॅप असतं. सगळे पासवर्ड एका पेटीत आणि पेटीला एक मोठी किल्ली, म्हणजे मास्टर पासवर्ड. लक्षात तेवढाच ठेवायचा. चांगल्या अ‍ॅपमध्ये पेटीला कुलूप तुमच्याच फोनवर लागतं आणि कंपनीकडे बंद पेटी जाते. किल्ली कंपनीकडे नसते, त्यामुळे तिलाही आतलं दिसत नाही. याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा. मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनी तो सांगू शकत नाही.

फुकटातले तीन पर्याय आम्ही वापरून पाहिले. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचा पासवर्ड मॅनेजर आधीपासूनच असतो. सोपा आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. आमची अडचण वेगळीच निघाली. त्यातले पासवर्ड फोनच्याच लॉकनं उघडतात. आता आपल्या घरात फोनचा पॅटर्न कुणाला माहीत नसतो? पोरं गेम खेळायला फोन घेतात, नवरा व्हॉट्सअ‍ॅप बघतो. फोन जिचा एकटीचा आहे तिला हे चालेल. गटाच्या कामाला आम्हाला पटलं नाही.

दुसरा कीपास. २००३ पासून आहे, फुकट आहे, फोनवर त्याच पद्धतीचं कीपासडीएक्स मिळतं. पेटी आपल्याच फोनमध्ये फाइल म्हणून राहते, कुठल्या कंपनीकडे जात नाही. पण फोन विहिरीत पडला आणि फाइलची दुसरी प्रत ठेवली नसेल, तर पेटीही विहिरीत. प्रत काढायची शिस्त आमच्यात नाही, खोटं कशाला बोला.

तिसरा बिटवॉर्डन. फुकटातच कितीही पासवर्ड, कितीही फोन. मास्टर पासवर्ड फोनच्या लॉकपेक्षा वेगळा. शिवाय दोन जणींना एक सामाईक कप्पा फुकटात करता येतो. आम्ही हा घेतला. मात्र अ‍ॅप बोटाच्या ठशानं उघडायची सोय सुरू केली नाही, कारण एका ताईंच्या फोनमध्ये मुलाचाही ठसा नोंदवलेला निघाला.

फुकट देतात तर कमावतात कशावर, असं आमच्या खजिनदार ताईंनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. बिटवॉर्डन जादा सोयी आणि कंपन्यांची खाती पैसे घेऊन विकतं. शिवाय त्याची आणि कीपासची आज्ञावली सगळ्यांना वाचायला खुली आहे, जाणकार तिच्यातल्या चुका शोधू शकतात. ज्या अ‍ॅपमध्ये जाहिराती नाचतात, जे तुमचे कॉन्टॅक्ट मागतं, त्याला हात लावू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून तर कुठलंच अ‍ॅप घेऊ नका. प्ले स्टोअरवर जाऊन, बनवणाऱ्याचं नाव वाचून घ्या.

कंपनीवरच दरोडा पडला तर? तेही घडलेलं आहे. लास्टपास या अमेरिकन कंपनीकडून २०२२ मध्ये चोरांनी ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती नेल्या. पासवर्ड कुलपात होते, पण कुठल्या वेबसाइटवर खातं आहे ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड लेचापेचा, त्यांची पेटी चोर घरी बसून फोडू शकतो. याच कंपनीनं २०२१ मध्ये फुकटवाल्यांना मोबाइल किंवा कॉम्प्युटर यांपैकी एकच निवडायला लावलं होतं. म्हणजे आजची फुकट सोय उद्या आखडती होऊ शकते, हेही धरून चालायचं.

तेव्हा सगळी मदार मास्टर पासवर्डवर. मुलाचं नाव, देवाचं नाव, जन्मतारीख नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घ्या. आम्ही चिठ्ठ्या टाकून काढले. दोन शब्द असे आले की म्हणताना हसू फुटतं, त्यामुळे पाठही लवकर झाले.

एक काळजी मात्र घेतली. यूपीआयचा पिन, एटीएमचा पिन यांतलं काहीही पेटीत ठेवलं नाही आणि नेटबँकिंगचा पासवर्डही बाहेरच ठेवला. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नसतो. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० ला फोन करा, वेळ घालवू नका.

आता किल्ली कुणाकडे, यावर दोन बैठका गेल्या. अध्यक्षताई म्हणाल्या माझ्याकडे, सचिवताई गप्प. शेवटी जुनीच रीत कामी आली. आपल्या रोख पेटीचं कसं असतं, पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या. तसंच केलं. दोघींनी आपापला मास्टर पासवर्ड कागदावर लिहिला, पाकिटं डिंकानं बंद केली, जोडावर तिघींनी सह्या केल्या आणि पाकिटं रोख पेटीत ठेवली. पेटी खजिनदार ताईंच्या घरी, तिची किल्ली दुसऱ्या एका सभासदाकडे. महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी सह्या शाबूत आहेत का ते सगळ्यांसमोर बघतो.

ई-मेलला जोडलेला नंबर आता सचिवताईंचा आहे. भाचा दिवाळीला आला होता, त्याच्याच हातून बदलून घेतला.