बहात्तर गावांचं विधिमंडळ

खारघरला नवीन राहायला आलो तेव्हा रहिवासी दाखल्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मिळाला होता. घरी लिफ्टने जायचं आणि कारभार सरपंचाचा! २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, शिक्का गेला. परवा तो कागद जुन्या फायलीत हाती लागला आणि औंध आठवलं. तिथे एकदा ग्रामपंचायतीच्या पायावर अख्खं राज्य उभं केलं होतं.

सातारा जिल्ह्यात, यमाईच्या डोंगराखाली औंध. संस्थानात गावं बहात्तर, वस्ती १९३१ च्या शिरगणतीत पाऊण लाखाच्या आसपास. तेही सलग नाही: आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ पार विजापूरकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद हा पोलंडचा इंजिनिअर. (पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली ती यानेच.) हे त्रिकूट राज्यघटनेसाठी गांधीजींकडे गेलं आणि २१ जानेवारी १९३९ ला औंधमध्ये स्वराज्याची घटना लागू झाली.

तिची रचना उलटी होती. गावाने पाच पंच निवडायचे. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तालुक्यांतून प्रतिनिधी औंधच्या विधिमंडळात जायचे. म्हणजे गावकऱ्याने मत द्यायचं ते रोज पारावर दिसणाऱ्या माणसाला. वरचे त्यातूनच ठरणार. इथे राजा स्वतःच अधिकार सोडत होता. दरबारातल्या मंडळींना ते किती रुचलं असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

मला खटकतं ते एकच. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. मतासाठी तरी लोक अक्षरं गिरवतील, हा हिशोब समजतो. पण त्या काळी खेड्यात अक्षरओळख कुणाच्या घरी होती आणि कुणाला शाळेची पायरीही चढू देत नव्हते, हे सांगायला नकोच. बायकांचं तर विचारूच नका. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ग्रामगौरवाचे वाभाडे काढले, ते वाचताना ही अट डोळ्यांसमोर येते. भारताच्या संविधानाने ती ठेवली नाही, ते बरंच झालं.

तरी त्या काळच्या औंधात धाडस होतं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच दिवसांतली. कुंपण नाही, बेड्या नाहीत. शिक्षा झालेले लोक शेती करत. तिथूनच पुढे शांतारामबापूंना १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' मिळाला. पटकथा गदिमांची, ते त्याच माणदेशातले.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं आणि नऊ वर्षांचं विधिमंडळ संपलं. आता औंधला लोक जातात ते यमाईच्या दर्शनाला आणि भवानरावांनी जमवलेली चित्रं बघायला. स्वतंत्रपूर मात्र अजून आहे, तिथे कैदी अजून शेती करतात.