पायाखालचा पाट

पाय ठेवायच्या स्टुलावर तत्त्वज्ञानाच्या माणसाने तासभर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. पण मागच्या व्याख्यानानंतर एक श्रोत्या बाई थांबल्या आणि त्यांनी घरातली एक अडचण सांगितली. ती ऐकल्यावर आम्हाला हा विषय सोडवेना.

त्यांच्या घरी आजेसासूबाई आहेत, वय नव्वदीच्या जवळ. उंची बेताची. नवा सोफा आला, आणि आजी त्यावर बसल्या की पाय अधांतरी लोंबतात. संध्याकाळपर्यंत पावलं सुजतात. नातवाने युक्ती काढली. कोकणातल्या घरून आणलेला फणसाच्या लाकडाचा जुना पाट पॉलिश करून त्याने सोफ्यापुढे ठेवला. आजी पाय ठेवायला तयार नाहीत. म्हणाल्या, "ह्यावर बसून हे जेवले आयुष्यभर. त्यावर मी पाय देऊ?" नातू म्हणतो, आजी, लाकूड आहे ते. दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत.

आता आधी साधी गोष्ट बघू. पाय ठेवायचं आसन हे उंच बसण्याचं अपत्य आहे. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याला त्याची गरजच नाही. आमच्या घरांतून पाट होता, चौरंग होता, पण ती बसायची किंवा काही मांडायची साधनं. पायासाठी वेगळं आसन मराठी घरात नव्हतं, आणि त्याला रोजच्या बोलण्यातला शब्दही नाही. संस्कृतात आहे : पादपीठ. पण ते राजाचं आणि देवाचं. मांडलिक राजे वाकतात आणि त्यांच्या मुकुटातली रत्नं सम्राटाच्या पादपीठाला घासतात, ही संस्कृत काव्यातली ठरलेली कल्पना. अमरावतीच्या काही शिल्पांत तर बुद्ध कोरलेलाच नाही. रिकामं आसन आहे, त्याच्यापुढे पादपीठ, आणि त्यावर दोन पावलांच्या खुणा. बसणारा दिसत नाही, तरी तो कुठे आहे ते कळतं.

इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर 1922 साली सापडली. हा नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आलेला राजा. त्याच्या सामानात पाय ठेवायची लाकडी आसनं निघाली आणि त्यांतल्या काहींवर हात बांधलेल्या शत्रूंच्या आकृत्या आहेत. म्हणजे राजा नुसता बसला तरी शत्रू पायाखाली! होमरच्या 'ओडिसी'त हीच वस्तू दोन तऱ्हांनी येते. पेनेलोपीच्या खुर्चीला हस्तिदंत आणि चांदीचं काम आहे, पायांचं आसन खुर्चीलाच जोडलेलं आहे, आणि ते घडवणाऱ्या कारागिराचं नावसुद्धा कवी सांगतो : इक्मॅलिअस. त्याच घरात भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या ओडिसिअसला एक उर्मट मागणीदार पायाखालचंच स्टूल फेकून मारतो. अपमान करायला त्याला दुसरं काही सापडलं नाही, असं नव्हे. पायाखालची वस्तू अंगावर येणं, हाच अपमान.

मग ही वस्तू साध्या घरात कधी शिरली? थंडीमुळे आणि दुखण्यामुळे. व्हर्मीरचं 'दूधवाली' हे 1660च्या सुमाराचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. सगळे तिच्या हातातल्या दुधाच्या धारेकडे बघतात. तुम्ही उजवीकडे खाली, फरशीवर बघा. तिथे एक लाकडी पेटी आहे, वरच्या फळीला भोकं पाडलेली. आत मातीच्या भांड्यात निखारे ठेवायचे, वर पाय ठेवायचे आणि वरून घागरा सोडायचा. हॉलंडच्या गारठलेल्या फरशीवर बायका ही पेटी घेऊन शिवणकामाला बसत आणि चर्चलाही घेऊन जात. ह्या पेटीवर राजा नाही, शत्रू नाही. गार पडलेले पाय आहेत, बस.

इंग्लंडात अठराव्या शतकात सुखवस्तू पुरुषांना गाउटने, म्हणजे अंगठ्याच्या सांध्यात बसणाऱ्या दुखण्याने, जेरीस आणलं होतं. गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराचं 1799चं चित्र आहे. सुजलेल्या पावलाला एक काळं भूत चावतंय, इतकंच. अशा रुग्णांसाठी सुतारांनी कमी-जास्त तिरपी करता येणारी स्टुलं केली. पुढे एकोणिसाव्या शतकात घरोघरच्या बायका बर्लिनहून छापून येणाऱ्या नक्षीवर लोकरीने भरतकाम करून स्टुलांच्या गाद्या मढवू लागल्या. आज युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशी बरीच असतात. एखादं हाती आलं तर आधी उलटं करा. भरतकाम नवं लावता येतं, पण आतलं घोड्याचे केस भरलेलं काम, जुने खिळे आणि लाकडाचा काळपटपणा सहसा लपत नाही. आपल्या दुकानांत 'ऑटोमन' म्हणून गादीचा जो ठोकळा मिळतो, त्याचं नाव तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यावरून आलं. पण तो पाय लांब करायला. आजींना तो नको. त्यांना लोंबणाऱ्या पावलाला चार-पाच इंचांचा टेकू हवा, म्हणजे सोफ्याची कड मांडीखाली रुतणार नाही. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि दुकानदार त्यांत नेहमी घोळ करतात. आमच्याकडेही आधी ऑटोमनच आला होता. त्यावर सध्या वर्तमानपत्रं असतात.

आता आजींकडे वळू. नातू म्हणतो ते लाकूड. पण पाटावर पाय पडतच नाहीत, असं आहे का? लग्नात नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना पाटावरच उभी राहतात. हळदीनंतरची न्हाणी पाटावर. दिवाळीचं अभ्यंग पाटावर. मग आजी चुकतात का? आम्हाला तसं वाटत नाही. जुन्या घरात पाट एक नव्हता. जेवणाचा वेगळा, देवाचा वेगळा, न्हाणीतला वेगळा. लाकूड एकाच झाडाचं असेल, सुतारही एकच असेल, पण न्हाणीतला पाट पंगतीत कोणी मांडला नसता. पावित्र्य लाकडात नव्हतं, या वाटणीत होतं. घर सुटलं, सामान टेम्पोत चढलं, तेव्हा ही वाटणी मागे राहिली. नातवापर्यंत पोचला तो 'जुना पाट', दिवाणखान्यात शोभणारा. आजींच्या लेखी त्यावर अजून एक माणूस बसलेला आहे. मघाचं अमरावतीचं रिकामं आसन आठवा.

म्हणून आम्ही त्या बाईंना वाद घालू नका म्हटलं. फक्त विचारलं, न्हाणीतला पाट आणला होता का? फोन केला. निघाला, माळ्यावर, रद्दीच्या खाली. सागाचा, कडा पाण्याने काळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला साबणाचा पांढरा थर. नातवाला तो आवडला नाही; शोभत नाही म्हणाला. आजींनी मात्र बघताच ओळखला आणि पाय ठेवले. दोन इंचांचाच होता, पाय पुरेनात. मग सुताराकडून खालच्या दोन पट्ट्यांना जोड देऊन तो साडेचार इंच करून घेतला.

जेवणाचा पाट आता देवघरासमोर भिंतीला टेकवून उभा असतो. परवा त्या बाईंचा पुन्हा फोन आला होता. आजींचं म्हणणं, सुताराने अर्धा इंच कमी केला.